केळ्याच्या पाण्यातला कस

पोटॅशियम सहा पूर्णांक चार दशांश! येल्बानं हातातला कागद पुन्हा वाचला. मागच्या महिन्यात पाचच्या आसपास होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तोंडावरच विचारलं होतं, "अगं, केळी दोनदा उकळतेस ना? पाणी टाकून देतेस ना? आणखी वाढलं तर एर्विनचं हृदय उभ्या उभ्या बंद पडेल. परवा पुन्हा रक्त तपासू."

देते हो बाई टाकून! चिचिगाल्पा गावात ऊसतोडीवाल्यांच्या या किडनीच्या दुखण्याचं नाव कोणी घेत नाही, 'त्याला क्रिएटिनिन झालंय' म्हणतात आणि आवाज खाली आणतात. चौतिसाव्या वर्षी तिच्या नवऱ्याला, एर्विनला ते झालं, तेव्हापासून येल्बा डोळ्यांत तेल घालून रांधत होती. चीज बंद, राजमा मोजून, मीठ चिमटीभर. कच्ची केळी सोलून, चिरून, दोनदा उकळून. मग चुकतंय तरी कुठे? वाटभर तिला दुसरं काही सुचलं नाही.

घरी पोचली तर एर्विन परसात बाकावर बसलेला, तोंडाला वाडगा. वर कोथिंबीर, लिंबू पिळलेलं. शेजारी तिची सासू दोन्या तिना आणि सकाळी केळी उकळलेल्या पाण्याचं पातेलं. रोज 'आण, मी ओतते' म्हणून तीच ते परसात न्यायची. येल्बाला वाटायचं, मदत करतेय बिचारी.

"काय पाजताय त्याला?"

"ओरडतेस काय? केळ्याचं पाणी आहे. सगळा कस यातच उतरतो. तू कस फेकून माझ्या लेकाला चोथा चारतेस, मला काय दिसत नाही होय?"

येल्बानं वाडगा हिसकावून मातीत पालथा केला. "अहो आई, तोच कस विष आहे त्याला! तो काढायलाच तर उकळते मी!"

"गप गं! या दुखण्यानं माझा थोरला गेलाय. सान्तोस गेला तसा याला झुरून मरू देणार नाही मी."

"कालपासून पाय लटपटतायत," एर्विन खाली मान घालून म्हणाला. "पण आईला नाही कसं म्हणायचं?"

 येल्बानं कागद सासूपुढे धरला. "हा आकडा बघा. एका महिन्यात एवढा चढलाय. आणखी चढला तर हृदय बंद पडतं, नर्सबाई म्हणाल्या."

दोन्या तिनाला वाचता येत नव्हतं, तरी ती कागदाकडे बघत राहिली. 

"एकदम पडतं?" तिनं विचारलं. "बोलता बोलता?"

"हो."

म्हातारी हळूच बाकावर टेकली.

"सान्तोस तसाच गेला, बोलता बोलता. शेवटी शेवटी नको नको म्हणायचा गं," ती म्हणाली. "मीच नाक दाबून हे पाणी पाजायचे."