मंचुरियनचा रंग

"सर, ह्ये पान्यावानीच दिसतंय की! ह्यात कलर न्हाई व्हय?" अण्णासाहेब काचेच्या उपकरणाला नाक लावून म्हणाले. भुकूम गावातली वडिलोपार्जित जमीन विकता विकता उरलेल्या खडकावर त्यांनी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. तेव्हापासून नाक खुपसायला त्यांना कुठलाच विषय वर्ज्य नाही.

"शुद्ध आहे, म्हणून तसं दिसतं," भालेराव सर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत कुणी हात लावू नका, एवढं बघा."

"आत्ता कालेज तपासाया कमिटी येतीया. त्यास्नी दावायचं काय? वाफ?"

"वाफच."

दोन द्रव एकत्र उकळले की कुठला रेणू वाफेत जातो आणि कुठला दुसऱ्याला धरून बसतो, हे मोजण्यात किसन भालेरावांचं उभं आयुष्य गेलं. तापमान स्थिर होईपर्यंत ते तिथून हलत नसत. त्यांचे आकडे परदेशातले कारखाने वापरायचे. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र त्यांना 'चहावाले' म्हणत. ज्यांनी आपले प्रबंध दुसऱ्याकडून लिहून घेतले, ते सगळ्यात जोरात हसायचे. मी त्याच विभागात शिकवते, त्यामुळे ही हुशार मंडळी मला चांगली ठाऊक आहेत.

सर उद्या निवृत्त होणार होते. मग खोली ड्रोन केंद्राला, उपकरण भंगारात. संत्र्याच्या सालीचं तेल आणि अल्कोहोल, या जोडीचा शेवटचा एक आकडा तेवढा बाकी होता. त्यासाठी महिनाभर खपून शुद्ध केलेला माल सगळा त्या काचेत होता.

सर नमुन्याच्या बाटल्या आणायला शेजारच्या खोलीत गेले. मी दारात, कमिटीच्या स्वागताची रांगोळी कुणी तुडवू नये म्हणून उभी. एम.टेक. होऊन मला हे काम! तेवढ्यात अण्णासाहेबांनी कॅन्टीनमधून मागवलेला मंचुरियनचा लाल रंग उपकरणाचं बूच काढून सरळ आत ओतला.

"आता कसं झ्याक दिसतंय!"

सर परत आले. लाल उकळीकडे बघून त्यांनी हातातल्या बाटल्या हळूच टेबलावर ठेवल्या.

"संपलं, अण्णासाहेब."

"संपलं कुटं? उकळतंय की!"

कमिटी आली. टाय लावलेल्या तीन विद्वानांनी माना डोलावल्या, एकाने सेल्फी काढला. अध्यक्षांनी विचारलं, "यात इनोव्हेशन काय?"

"काही नाही," सर म्हणाले. "मंचुरियनचा रंग उकळतोय."

तिघं खो खो हसले. त्यातला एकही पुढे वाकून बघेना.

"आमचं सर लई इनोदी हायेत!" म्हणत अण्णासाहेब त्यांना खाली मांडवात घेऊन गेले.

सरांनी हीटर बंद केला आणि ते स्टुलावर बसले. मला रडू येत होतं आणि त्या सगळ्यांच्या मुस्काटात मारावंसंही वाटत होतं. खालून माइकवर निरोपाच्या सत्कारासाठी सरांचं नाव पुकारलं गेलं. मग पुन्हा एकदा.

"सर, बोलावतायत."

"तू हो पुढे, शुभांगी. काच गरम आहे. आत्ता धुतली तर तडकेल."

खाली त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर शाल ठेवून टाळ्या झाल्या. वर सर नळाजवळ फडकं घेऊन बसून राहिले.