शेंदराचं बोट

रणधीरच्या जीपला एकच खोड होती. आजारी पडायची ती रस्त्यावर, आणि मिस्त्रीपुढं उभी केली की ठणठणीत. कोसभर बिनतक्रार पळायची, मग आचके देत बंद. थोड्या वेळानं पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. नळदुर्गच्या गौरीशंकर मिस्त्रीनं प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा खोललं. त्याच्या दारात ती मेली शहाण्यासारखी गुरगुरत राहिली. "हिला काय धाड भरली न्हाय," तो म्हणाला, "तूच मनाला लावून घेतलंयस."

मनाला लागण्यासारखंच होतं. रणधीरच्या बायकोला, सोनालीला, नववा लागला होता. वस्ती आडरानात. मागच्या खेपेला दवाखाना गाठायला उशीर झाला आणि पाळणा रिकामाच राहिला. त्यामुळं रणधीरला जेवण गोड लागत नव्हतं. हातातला घास ठेवून तो उठायचा, जीप चालू करून बघायचा, परत ताटावर येऊन बसायचा. ती पहिल्या फटक्यात चालू व्हायची, आणि त्याचा जीव आणखीच टांगणीला लागायचा.

त्याच्या आईचं, मथुराबाईचं, निदान मात्र पक्कं होतं. "नजर लागलीय. तुझ्या बापाची गाडी हाय, लोकाच्या डोळ्यात खुपती."

दर मंगळवारी मरीआईला तेलात कालवलेला शेंदूर लावून आली की ती उरलेल्या शेंदराचं एकेक बोट जीपलाही लावायची. बॉनेटला, स्टेअरिंगला आणि बाहेरच्या बाजूला असलेल्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला, कारण खाणाऱ्या तोंडाला नजर आधी लागते. गाडी बंद पडली की पुढच्या मंगळवारी बोट जरा जाड. रणधीर हसायचा, पण पुसायचा नाही.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. मागच्या बाकड्यावर सोनाली, तिला धरून मथुराबाई, अशी जीप निघाली. नळदुर्गच्या अलीकडं तिनं आचका दिला आणि बंद पडली. 

उतरून रणधीरनं सवयीनं आधी टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोलचा काटा बाप होता तेव्हापासून मेलेला, काडी बुडवूनच बघावं लागे. पेट्रोल होतं. मग तो बॉनेटकडं धावला, वायरी हलवल्या, एक शिवी हासडली. किल्ली फिरवली. चालू. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा बंद. तो पुन्हा टाकीकडं गेला आणि बॉनेटकडं वळला.

"अहो," सोनाली दात आवळून म्हणाली, "बॉनेट ऱ्हाऊ द्या. झाकण उघडताना फुस्स झालं. मघाशी पण झालं. तुम्ही दर खेपेला ते उघडता, मगच चालू हुती."

रणधीरनं झाकण हातात घेऊन नखानं शेंदूर खरवडला. त्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. शेंदूर वाळून ते पार बुजलं होतं. पेट्रोल कमी होत जाई तसा टाकीचा श्वास कोंडे, आणि इंजिनाला पेट्रोल मिळेना. झाकण उघडलं की टाकी मोकळी. म्हणजे तपासायला जाऊन रोग तोच बरा करत होता, आणि वर मिस्त्रीचा उंबरठा झिजवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्याला आईचा संताप आला. तो तिच्याकडं वळला. मथुराबाई आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडं बघत बसली होती. नखात अजून शेंदूर होता. 

"आण इकडं," ती म्हणाली. तिनं अंबाड्यातला आकडा उपसला आणि भोक टोकरत राहिली. आरपार उजेड दिसला तेव्हाच झाकण परत दिलं.

दवाखान्याच्या दारापर्यंत जीपनं एकदाही आचका दिला नाही. मुलगी झाली, रडकी आणि धडधाकट.

घरी आल्यावर बाळाला बघायला बायका जमल्या. मथुराबाईनं तीट लावायला काजळात बोट बुडवलं, ते बाळाजवळ नेलं आणि तिथंच थांबली. 

"सोनाली," तिनं हळूच विचारलं, "कुठं लावू?"

 या बाईनं आजवर कधी कुणाला विचारून बोट लावलं नव्हतं.

सोनालीनं बाळाचा गाल सासूकडं केला. "इथं लावा, आत्या. चांगलं जाड लावा."