लपायच्या जागा

कडीचा दांडा, पितळी, हाताळून हाताळून मधोमध उजळलेला, खाचेतून सुटताना अगदी शेवटी बारीकसा ‘टक्’ करतो, आणि तो होऊ नये म्हणून तिनं रुमालाचं टोक त्याच्याभोवती गुंडाळून धरलं होतं. बाबा खुर्चीत होते, पाठमोरे, खिडकीकडे तोंड करून. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या बाजूनं जायचं. भिंतीलगतची एक फरशी डुगडुगते, तिच्यावर पाय द्यायचा नाही. स्वयंपाकघरात मावशींनी भांडी विसळायला घेतली की त्या आवाजाच्या आडून दार ओढून घ्यायचं... हे सगळं आता पायांनाच पाठ झालं होतं. जिना उतरून खाली आल्यावर तिनं हातातल्या चपला पायांत घातल्या आणि रोजच्यासारखंच आधी सुटल्यासारखं वाटलं, मग लाज वाटली. आपल्याच घरातून चोरासारखं निघायचं, तेही काही न चोरता.

आई गेली त्या सुमारास बाबांचं विसरणं चष्मा आणि किल्ल्यांच्या पलीकडे नुकतंच सरकलं होतं. “तुझी आई कुठे गेली गं?” असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिनं खरं ते सांगितलं. ते रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तिनं सांगितलं, आणि ते पुन्हा तसेच रडले, आत्ताच कुणी बातमी घेऊन दारात आल्यासारखे. एकाच माणसाला एकाच मरणानं किती वेळा मारायचं? मग तिनं खोटं बोलून पाहिलं, येईल इतक्यात म्हणाली. तर ते दारात जाऊन उभे राहिले, पाय थरथरायला लागले तरी बसेनात, जेवायला बोलावलं तर म्हणाले, तिला येऊ दे... त्यांना दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशी एकदा सहज बोलून गेल्या, की एरवी ते अगदी शांत असतात हो, तुम्ही दिसलात की त्यांना आठवतं, चेहरा थेट आईचाच घेतलाय ना तुम्ही. मावशी हे कौतुकानंच म्हणाल्या होत्या. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एक सरळसोट वाक्य जाऊन बसलं: मी दिसले नाही, तर बाबा रडणार नाहीत. आणि ती दिसेनाशी झाली. सकाळी पाठीमागून निघायचं, ते झोपले की परतायचं, सुट्टीच्या दिवशी काम काढून ऑफिसात बसायचं.

कामही असं, की कुणाला सांगितलं तर हसेल. न दिसता कसं जायचं, हेच ती गेली कित्येक वर्षं लोकांना शिकवत होती. तिच्या कंपनीच्या व्हिडिओ गेममध्ये हत्यार नव्हतं, मारामारी नव्हती. पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवत, सावलीसावलीनं आतल्या खोलीपर्यंत पोचायचं, एवढंच. पहिला भाग बरा चालला. आता दुसरा भाग घडत होता आणि त्यातली जुन्या हॉटेलाची लेव्हल तिच्याकडे होती: दिवा कुठे लावायचा, गालिचा कुठे संपवून उघडी फरशी कुठे सुरू करायची, कुठला पहारेकरी कुठल्या वळणावर मान वळवणार... पहिल्या भागातले पहारेकरी विसराळू होते. कुणी दिसलं तरी थोडं शोधायचे, ‘भास झाला असेल’ असं पुटपुटायचे आणि परत आपल्या गस्तीला लागायचे. ती कल्पना तिचीच होती. विसरणं म्हणजे दया, असं तेव्हा तिला खरंच वाटायचं. दुसऱ्या भागात पहारेकऱ्यांनी लक्षात ठेवायचं, असं ठरलं होतं.

दुपारी तिला आजोबांनी बोलावलं. आजोबा म्हणजे टीमचा प्रमुख. वय जेमतेम पस्तीस, पण ‘आमच्या वेळी पहिल्या भागात...’ असं म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे, म्हणून हे नाव. बाहेरच्या काही लोकांना बोलावून तिची लेव्हल खेळायला दिली होती, त्याचं रेकॉर्डिंग त्यानं लावलं. खेळणारी एक मुलगी. व्हरांड्यातून अलगद आली, पहारेकऱ्याची पाठ फिरताच चादरींच्या कपाटात शिरली, दार लोटून घेतलं. स्क्रीनभर काळोख, मधे एक उभी फट, आणि फटीतून पहारेकरी जाताना दिसतोय, येताना दिसतोय. तिची रचना अगदी मनासारखी वठली होती. पहारेकरी गेला. वाट मोकळी झाली. मुलगी बाहेर आली नाही. तो पुन्हा आला, पुन्हा गेला... ती आतच. आजोबानं रेकॉर्डिंग पुढे ढकललं. फट तशीच, ये-जा तशीच. शेवटी मुलीनं कानांवरचे हेडफोन काढून ठेवले आणि खेळ सोडून दिला.

बऱ्याच जणांचं असंच झालं, तो म्हणाला. कपाट सोडतच नाहीत. तिला वाटलं, तो म्हणेल पहारेकरी सौम्य कर, गस्त लांबव. ती वहीही उघडायला लागली होती. पण तो स्क्रीनकडेच बघत राहिला, आणि मग ओशाळल्यासारखा हळूच बोलला.

“जागा सुरेख केलीयेस गं. पण लपायला शिकवलंस, बाहेर यायचं काही कारणच ठेवलं नाहीस.”

ती ‘बघते’ म्हणाली. जागेवर येऊन बसली. हॉटेलाचा नकाशा समोर होता, त्यात हात घालवेना. त्या मुलीला आत काय वाटलं असेल? भीती नसावी, भीती असती तर पळाली असती. बरं वाटलं असेल. फटीतून जग दिसतंय, जगाला आपण दिसत नाही... आणि बाहेर तो बिचारा येतोय-जातोय, येतोय-जातोय, आणि मी आत. तिनं एकदम संगणक बंद केला. बरं नाही का, असं शेजारच्यानं विचारलं, तर घरी जाऊन येते म्हणाली, जणू घर म्हणजे वाटेत लागणारं दुकान.

वाटेत तिनं सगळं ठरवलं. विचारू देत. खरं तेच सांगायचं, आणि सांगून आत पळायचं नाही; ते रडतील तेवढा वेळ जवळ बसायचं. उद्या विचारतील, उद्या पुन्हा बसायचं. रडणारा माणूस एकटा नसला म्हणजे झालं... ठरवलं आणि पावलं जड व्हायच्या ऐवजी हलकीच झाली. दाराशी येऊन तिनं किल्ली पर्समध्येच राहू दिली आणि घंटी वाजवली. मावशींनी दार उघडलं आणि ‘अगंबाई, आज उजेडात’ म्हणून हसल्या.

ती सरळ बाबांसमोर जाऊन बसली. संध्याकाळचं ऊन तिच्या तोंडावर पडत होतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, नीट, वेळ घेऊन.

“बसा ना,” ते म्हणाले. “लांबून आलात?”

तिनं मान हलवली. थांबली. आता विचारतील. ते मात्र पाहुण्याकडे बघून हसावं तसं अदबीनं हसले आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. स्वयंपाकघराच्या दारातून मावशी हलक्या आवाजात सांगू लागल्या, की आताशा ते विचारत नाहीत, बरेच दिवस झाले. आईंचा विषयच नाही. तुम्हाला सांगणारच होते, पण तुम्ही भेटता कुठे?

बरेच दिवस. म्हणजे ती कुणापासून लपत होती इतके दिवस? ज्या प्रश्नाची इतकी धास्ती, तो प्रश्न केव्हाच उठून गेला होता, आणि ती रोज त्याच्या रिकाम्या जागेला वळसा घालून जात होती. विचारा ना बाबा. एकदा विचारा. रडा हवं तर... या घरात आईला विचारणारं एकच माणूस उरलं होतं, आणि मी चपला हातात घेऊन त्याच्या पाठीमागून गेले.

“माझी आई गेली,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही.

बाबा वळले. त्यांचा चेहरा पडला, पण तो जुना हंबरडा त्यात नव्हता. दुसऱ्याच्या घरचं दुःख ऐकताना चांगल्या माणसाचा होतो, तसा तो झाला. त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर ठेवला. हात गरम होता. किती दिवसांनी लागला होता.

“अरेरे,” ते म्हणाले. “कशा होत्या हो तुमच्या आई?”

हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. आईचं तेरावं झालं तेव्हाही नाही. तेव्हा सगळे बाबांचं काय, असंच विचारत होते, आणि तीही. तिनं तोंड उघडलं. आई बुटकी होती, हे सांगावं? हिशोबात कच्ची होती, गाताना सूर सोडायची, तुम्ही रागावलात की तुमच्यावरच हसायची... तुम्ही म्हणू की ते म्हणू? शब्द घशापर्यंत येत होते आणि डोळ्यांतून जात होते. बाबा घाईत नव्हते. मनगटावरचा हात तसाच ठेवून, किंचित पुढे वाकून, डावा कान तिच्याकडे करून ते वाट बघत राहिले, आणि त्या परक्या, मायाळू नजरेसमोर ती पहिल्यांदाच पुरती दिसत होती, कुणाची कोण ते मात्र दोघांनाही नीटसं ठाऊक नव्हतं.