कोमाद्रेची सुई

माझ्या बाळाच्या, दायरोच्या बाप्तिस्म्याला मला पांढरा झगा बसावा म्हणून मी पोट उतरवायची इंजेक्शनं घेतली. टोचली नेरेइदानं. आमच्याच गल्लीत तिचं पार्लर. पुढच्या रविवारी चर्चमध्ये ती दायरोची धर्ममाता झाली, म्हणजे माझी कोमाद्रे. आमच्या बारांक्विल्या शहरात सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी नाही.

महिन्याभरात पोटावर जांभळ्या गाठी उठल्या. दवाखान्यात तीनदा चिरल्या, तीनदा आठवड्याच्या गोळ्या दिल्या. तपासणीत दर वेळी काहीच नाही. दायरो दूध पिताना पाय झाडायचा, नेमका गाठीवर. त्याची टाच मुठीत धरून मी ओठ चावायची.

शेवटी त्वचेच्या डॉक्टर पालासिओबाईंकडे गेले.

"पोटात इंजेक्शनं घेतली होतीस?"

शेजारी आई. मी म्हटलं, "नाही."

"आजी, जरा बाहेर बसता?" आई गेल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद आहे, नळाच्या पाण्यातही राहतो. साध्या तपासणीत दोन-तीन दिवस बघतात नि टाकून देतात. याला आठवडा लागतो. पण लॅबला थांबा म्हणायला मला कारण हवं."

मी सांगितलं. नेरेइदाचं नाव मात्र गिळलं.

आठवड्यानं तोच जंतू निघाला. सहा महिने औषधं. दूध तोडावं लागणार नाही, हे ऐकल्यावर मला रडू फुटलं.

"रडून घे," बाई म्हणाल्या. "मग सांग, त्या टोचणारीकडे आणखी किती जणी जातात?"

तशीच दायरोला कडेवर घेऊन पार्लर गाठलं नि डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं.

"केलीस चहाडी?" नेरेइदा म्हणाली. "सुई नवी होती, लिबिया. तुझ्यासमोर फोडली."

"आणि औषधात घातलेलं पाणी?"

"गाळलेलं."

"उकळलेलं?"

 तिनं ब्लाउज पोटावरून वर केला. तीन गाठी, एक फुटलेली, वर रुमाल बांधलेला.

"नवं औषध मी आधी स्वतःला टोचते," ती म्हणाली. "कुणाला दाखवू? गिऱ्हाईकं पळाली असती."

"वेडे, मला दाखवायचंस." मी तिच्याजवळ बसले. "नाव मी घेतलेलं नाही. डॉक्टरबाईंकडे तूच चल, तूच सांग. मी येते बरोबर."

तिनं दायरोकडे बघितलं. मग उठली, गिऱ्हाइकांची वही काढली आणि फोन घेतला.

"आधी मार्ता," ती म्हणाली. "तिला परवाच टोचलंय."