मोटरीवरचा अंगठा

“काका, अंगठा काढा आता. मशीनला बघू द्या,” मॅडम म्हणाल्या, तशी मोठ्या साहेबांबरोबर आलेली माणसं हसली. त्यानेही हसल्यासारखं केलं आणि मोटरीवरचा हात काढून घेतला.

पंख्यांच्या त्या कारखान्यात सत्तावीस वर्षं त्याचं हेच काम. मोटरीने पूर्ण वेग घेतला की तिच्या अंगाला अंगठा टेकवायचा. अडखळत असेल तर लाल खडूने फुली, नसेल तर पुढे. सगळे त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. लिहिता-वाचता येत असूनही तो कधी चिडला नाही, कारण त्याच्या फुलीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

मग ब्रश नसलेल्या नव्या मोटरी आल्या आणि खडू भराभर झिजायला लागला. दहातल्या आठ मोटरी अडखळायच्या. त्या बनवणाऱ्या इंजिनियर मॅडम शिकलेल्या, हुशार, तरी महिनाभर त्यांनी डोकं आपटून घेतलं. शेवटी एका दुपारी जेवणाचा डबा बंद करता करता तोच म्हणाला, “मॅडम, वीज तारेच्या एका वाइंडिंगमधून दुसऱ्यात जाते ना, तिथंच ही ठेचकाळते. जाणारं लवकर सोडतंय, येणारं उशिरा धरतंय. जाणाऱ्याला जरा थांबवून ठेवा.”

मॅडमनी तसं करून पाहिलं. त्या कॉम्प्युटरवर थांबवायच्या वेळेचा आकडा वाढवत गेल्या, तो मोटरीवर अंगठा ठेवून सांगत गेला, अजून थोडं, अजून, बस. मोटर अशी फिरायला लागली की मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मात्र तेव्हाच बजावलं होतं की हा आकडा या एका मोटरीचा. प्रत्येकीचं वाइंडिंग थोडं वेगळं, तेव्हा प्रत्येकीला हात लावून बघावं लागेल.

आज मोठ्या साहेबांनी विचारलं, हे सुचलं कुणाला? त्याने हात पँटला पुसले आणि तो पाऊलभर पुढे सरकला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंही.

“टीमचं काम आहे, सर,” त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी सांगितलं की झटका गेलाच आहे, तेव्हा हाताने तपासायची गरज आता उरली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या, न वाजवून सांगतो कुणाला.

त्याच आठवड्यात त्याचं टेबल हललं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, ती कंपनीने शिक्षा माफ करावी तशी माफ केली. जाणाऱ्याला जरा थांबवून ठेवावं, हे त्याच्या बाबतीत कुणाला सुचलं नाही. निरोपाला नव्या मोटरीचा टेबलफॅन मिळाला. तो हातात देताना मॅडम हळूच म्हणाल्या, “काका, त्या दिवशी तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं.” तो म्हणाला, चालायचंच. आतून मात्र त्याचा असा जळफळाट झाला की चहा तसाच टाकून तो निघाला.

घरी बायकोने खोकं फोडून पंखा लगेच सुरू केला. पाठीवर मशीनने पास केल्याचं हिरवं लेबल होतं. पंख्याने वेग घेतला आणि सवयीने त्याचा अंगठा मागे मोटरीला टेकला.

ती अडखळत होती. झटका बारीक होता, पण होता. म्हणजे त्या दुपारच्या मोटरीचा आकडा त्यांनी सगळ्यांना सरसकट ठोकून दिला होता. वर्षभरात बेअरिंग खाऊन टाकेल ही. त्याचा दुसरा हात खडूसाठी खिशात गेला.

बायको वाऱ्यासमोर डोळे मिटून बसली होती. “अहो, आवाजसुद्धा नाही याला,” ती म्हणाली. “तुमच्याच हातून गेलेला ना हा? चांगला आहे ना?”

सत्तावीस वर्षांत त्याने वाईट मोटर कधी पुढे जाऊ दिली नव्हती.

“चांगला आहे,” तो म्हणाला आणि खडू खिशातच सोडून त्याने हात बाहेर काढला. अंगठा मात्र बराच वेळ मोटरीवरच होता.