पाद्रीबाबाची रीत

कल्याणरावांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि बाजेवर पडलेल्या बायकोला, गौराबाईंना, त्यांच्याच मयतीत वाचायचं चरित्र ऐकवायला सुरुवात केली.

परभणीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितल्यावर ही फर्माईश गौराबाईंनीच केली होती. एबर्ट, म्हणजे गौराबाईंचा 'पाद्रीबाबा', हा चारशे वर्षांपूर्वीचा जर्मन लुथरपंथी धर्मशास्त्री. माणसाला पुरताना त्याचं आयुष्य मोठ्यानं वाचायचं, ही त्याच्या गावची रीत. एबर्टनं अशी दोनशे चौदा प्रवचनं लिहिली आणि कल्याणरावांनी त्यांवर प्रबंध. बोरी गावात एबर्टबद्दल बोलू शकणारे ते एकटेच. त्या जागेसाठी दुसरा उमेदवार कधी आला नाही.

"'गौराबाई स्वभावानं अत्यंत मनमिळाऊ...'"

"कोण, मी? खोडा ते. पाद्रीबाबा असलं खोटं लिवायचा का?"

कल्याणरावांनी खोडलं.

"आन् त्या वैजयंतीबाईला सांगावा धाडा. त्यांनाबी ऐकू द्या."

प्रबंधाच्या पहिल्या पानावर 'वैजयंतीस' एवढंच छापलेलं होतं. गावाचा संशय विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या एका बाईंवर होता. कल्याणरावांनी बत्तीस वर्षांत खुलासा केला नव्हता.

ते पुढे वाचत राहिले. लग्न, राजेश्वरचा जन्म, सासूची सेवा, गुडघेदुखी. संपलं, तरी गौराबाई आढ्याकडेच बघत होत्या.

"एक लेकरू राहिलं."

कल्याणरावांनी कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली.

"अकरा दिवसांची होती म्हणून काय झालं? जंगमस्वामींनी तिच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं होतं. तुमचा पाद्रीबाबा नऊ दिवसांच्या लेकराला चार पानं लिवायचा, तुमीच सांगितलं. मला एक ओळ पायजे. ती ऐकल्याबिगर मी जायची न्हाई."

"लिहितो."

"काय लिवणार? बाराव्या दिवशी बारसं होतं. नाव कुठं पडलं तिचं?"

कल्याणराव उठले. फडताळातून प्रबंध काढला, धूळ झटकली आणि पहिलं पान उघडून गौराबाईंसमोर धरला.

गौराबाईंनी त्या एका शब्दावर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

"कधी ठरवलं होतं?"

"आठव्या दिवशी."

बाहेर रस्त्यावरून जिंतूरची एसटी गेली. खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

"बत्तीस वर्षं मी हिला शिव्या घातल्या," गौराबाई म्हणाल्या, आणि प्रबंध त्यांनी गोधडीत, कुशीशी ओढून घेतला.