चाळीस बाटल्या

फोन ठेवला आणि सिस्टर दवाखान्याच्या पायरीवर बसली. बेटावरून तपासणीला चाळीस माणसांच्या लघवीच्या बाटल्या गेल्या होत्या. चाळीसही बाटल्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशी निघाल्या.

"काहीतरी चूक असेल हो," ती म्हणाली होती.

"मी दोनदा तपासून घेतलंय," पलीकडून डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडे मासे पकडायची जाळी रंगवतात त्या रंगातच काहीतरी असणार. गुरुवारी निधी समितीच्या बाई येतायत. चाळिसातले चाळीस म्हटल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती होणार नाही."

निधी म्हणजे तीन वर्षांचं संशोधन, आणि मुख्य म्हणजे मूत्राशयात दुर्बीण घालून बघायचं यंत्र खुद्द बेटावर. इथली माणसं लाल लघवी महिनोन्महिने अंगावर काढतात, मग पाच तासांच्या बोटीनं मोठ्या इस्पितळात जातात, आणि तिथं डॉक्टर नुसती मान हलवतात. सिस्टरचा बाप असाच गेला. तेव्हापासून तिनं या यंत्राचा ध्यास घेतला होता. आता ते येणार होतं, पण चाळिसांत तिची आईही होती.

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली आणि भांडी घासत राहिली. "यंत्र येतंय ना तुझं? मग झालं तर."

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. तपासणी म्हटली की या बेटावरच्या माणसांची एक खोड आहे. मासळी तपासणारा साहेब आला की प्रत्येक होडीनं आपली एक टोपली पुढं करायची असते. कोण करतंय? ज्या होडीला त्या दिवशी सगळ्यांत चांगली मासळी लागली, तिच्यातूनच साऱ्या टोपल्या भरायच्या आणि वर आपापली नावं लावायची. यात काही खोटं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. साहेबापुढं चांगलंच ठेवायचं, नाहीतर बेटाची अब्रू काय राहिली? लहानपणी सिस्टरनंही अशा टोपल्या उचलल्या होत्या. पण चार पुस्तकं शिकली आणि नेमकं घरचंच विसरली.

दुसऱ्या दिवशी ती घरोघर बातमी सांगायला निघाली. जाळी रंगवणाऱ्या ढोल्यानं ती ऐकली आणि "बरं" म्हणाला. शिंपीण म्हणाली, "बरं. बसा की." मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तेही म्हणाले, "बरं." ना कुणी रडलं, ना कुणी एक प्रश्न विचारला. ती बाहेर पडली की माणसं दारात येऊन तिच्याकडे बघत उभी राहायची. ती वळली तरी हलायची नाहीत. दहाव्या घरापाशी आपण जिवंत माणसांशी बोलतोय ना, अशी तिला शंका यायला लागली. उरलेली घरं टाकून ती परत फिरली.

गुरुवारी सकाळी समितीच्या बाई आल्या. दवाखान्यात टेबल मांडलं, रांग लागली. बाई विचारत होत्या, सिस्टर लिहून घेत होती.

"काय त्रास होतो?"

"पहाटे ओटीपोटात आग होते," ढोल्या म्हणाला. "लघवीला बसलं की जीव जातो. मग नळ सोडून ठेवतो, कण्हणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. लाल झालं की दोन तांबे पाणी ओततो."

मग शिंपीण. पहाटे आग, नळ, दोन तांबे पाणी. मग मास्तर. तेच शब्द, त्याच क्रमानं, त्याच खालच्या आवाजात. बाईंचा चेहरा उतरत चालला होता. सहाव्या माणसापाशी सिस्टरचं पेन थांबलं.

ढोल्याच्या घरी नळच नव्हता. शिंपिणीच्याही नव्हता. सगळी वस्ती विहिरीवरून पाणी आणते. नळ एक दवाखान्यात आणि दुसरा दवाखान्यामागं, सिस्टरच्या स्वतःच्या घरात. तिथं मात्र पहाटे नळ वाहत असायचा. पाणी वाया घालवतेस म्हणून गेल्याच आठवड्यात ती आईवर डाफरली होती.

तिनं ढोल्याला बाजूला घेतलं. "तुझी बाटली कुणी भरली?"

ढोल्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला. "तपासणीला चांगलंच द्यायचं ना, सिस्टर. तुमच्या आईला साधा ताप आलेला कुणी पाहिला नाही. आम्ही सगळ्यांनी तिलाच गळ घातली. दोन दिवस येत होतो बाटल्या घेऊन."

"आणि हा त्रास?"

"तोही तिनंच सांगितला. म्हणाली, मला काही झालेलं नाही, तपासणीच चुकलीय, पण तुम्ही असं असं बोला, म्हणजे यंत्र येईल. पाठ करून घेतलं आमच्याकडून. काय डोकं आहे हो म्हातारीचं. अगदी खरं वाटतं, नाही?"

मागं रांग सरकत होती. जे दुखणं आईनं पोटच्या पोरीला कधी सांगितलं नाही, ते एकेक माणूस पुढं येऊन सांगत होता. सिस्टर कानांवर हात ठेवून उभी राहिली, तरी ते ऐकू येत होतं.

सगळ्यांत शेवटी आई आली.

"आजी, तुम्हाला काय त्रास?" बाईंनी विचारलं.

"मला कसला त्रास? धडधाकट आहे मी."

"बाई," सिस्टर म्हणाली, "चाळीसही बाटल्या हिच्या आहेत. हिला आजच्या बोटीनं न्यायला हवं."

बाईंनी फाइल मिटली. "मग रुग्ण एकच. तसं असेल तर निधीचं मला काही सांगता येणार नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"हो," सिस्टर म्हणाली.

"तोंड मिटून बसायला काय झालं होतं तुला?" आई कडाडली. "मी एकटी गेले असते. किती घरं वाचली असती. बाप आठव जरा आपला."

"तोच आठवला," सिस्टर म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मला का नाही सांगितलंस गं?"

"तू मला बोटीत घातलं असतंस आणि यंत्र राहिलं असतं."

बोट दोन वाजता होती. सिस्टर आईचा दंड धरून बाहेर पडली. माणसं बाजूला सरून वाट देत होती. दाराशी मास्तरांनी हळूच सिस्टरची बाही धरली.

"माझ्यासाठी जागा आहे का बोटीत?" ते म्हणाले. "नळाचं तेवढं खोटं होतं, सिस्टर. बाकीचं खरं आहे."

सिस्टरनं मागं पाहिलं. रांगेतली सगळी माणसं तिच्याकडेच बघत होती, आणि त्यातलं आणखी कोण खरं बोललं होतं ते तिला ओळखता येईना.